सोमनाथ-गीर-दीव टूर रिव्ह्यू: बाकी सगळं ठीक, पण कॅप्टन मुल्लांना फक्त पंधरा मिनिटं?

सुरुवातीलाच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. नाव लिहिलं की लगेच फोन चालू होतात, सर रिव्ह्यू काढा ना, पुढच्या टूरला डिस्काउंट देतो वगैरे, ते झंझट नको. आणि तसंही सोमनाथ-गीर-दीव हे पॅकेज मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली विकतात आणि सगळ्यांचा कार्यक्रम एकमेकांची झेरॉक्स असतो, त्यामुळे मी जे लिहितोय ते तुम्ही कुणाबरोबरही गेलात तरी कामाला येईल.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, नववीतला मुलगा आणि आमचे मोठे काका. काका नेव्हल डॉकयार्डातून फिटर म्हणून रिटायर झाले, अख्खी नोकरी लायन गेटमधून आत-बाहेर करण्यात गेली, आणि 71 च्या लढाईच्या वेळी ते नुकतेच लागलेले, विशीतले. घरच्यांना वाटलं काकांना सोमनाथ करायचंय. पण त्यांनी पत्रकावर पेनानं गोल केला होता तो दीवच्या दिवसातल्या एका ओळीला, "आयएनएस खुकरी मेमोरियल व सनसेट पॉइंट". म्हणजे कंपनीनं ही टूर आम्हाला सोमनाथच्या नावावर विकली आणि काकांनी ती खुकरीसाठी, म्हणजे 71 च्या लढाईत कॅप्टन मुल्लांसकट बुडालेल्या आपल्या लढाऊ जहाजासाठी घेतली, असं म्हणा.

आधी बाकीचं उरकतो. वेरावळपर्यंत ट्रेन, पुढं एसी बस. बस चांगली होती, सीट मागं जात होत्या, ड्रायव्हर एक नंबर. हॉटेल स्वच्छ, गरम पाणी वेळेवर. जेवण गोड. डाळ गोड, भाजी गोड, कढी तर विचारूच नका, तिसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी पर्समधनं लसणाच्या चटणीची पुडी काढली तर टेबलावर रांग लागली. गीरमध्ये देवळिया पार्कात सिंहीण दिसली, पाठमोरी. सोमनाथला मोबाईल बाहेर जमा करावा लागतो हे टूर मॅनेजरनं आदल्या रात्रीच सांगितलेलं, त्यामुळे गोंधळ झाला नाही, ह्याचे मार्क त्याला. एकूण व्यवस्थेवर माझी काही तक्रार नाही हे लक्षात घ्या, नाहीतर पुढचं वाचून वाटेल मी भांडकुदळ माणूस आहे.

आता दीव. दीवला कंपनीनं एक दिवस ठेवलाय आणि त्या एका दिवसात किल्ला, सेंट पॉल चर्च, नायडा गुंफा, गंगेश्वर, नागवा बीच आणि संध्याकाळी खुकरी असं सगळं कोंबलंय. त्यात नागवा बीचला दोन तास. कारण उघड आहे, गुजरातमध्ये दारूबंदी आणि दीव केंद्रशासित, त्यामुळे बसमधली निम्मी पुरुषमंडळी सकाळपासूनच नागवा नागवा करत होती. कुणाच्या मजेला माझी ना नाही. पण दोन तासांचे अडीच झाले, आणि तो अर्धा तास कुठून कापला असेल? बरोबर. आम्ही खुकरीला पोचलो तेव्हा सूर्य टेकायला आलेला, आणि मॅनेजरनं माईकवर सांगितलं, "पंधरा मिनिटं आहेत, मेमोरियल बघा, सनसेट घ्या, फोटो काढा, बरोब्बर पावणेसातला बस निघेल."

जागा म्हणाल तर सुंदर आहे, त्यात वादच नाही. चक्रतीर्थ बीचजवळ समुद्राला लागून एक टेकाड आहे, त्यावर काचेच्या पेटीत खुकरी जहाजाचं मोठं मॉडेल, आणि समोर फक्त अरबी समुद्र, मधे काहीच नाही. 1999 च्या डिसेंबरमध्ये नौदलानं हे उभारलं. वारा असा की टोपी हातात धरूनच फिरावं लागतं. पण त्या वेळेला तिथं जी गर्दी असते तिच्यातली नव्वद टक्के सूर्याकडं तोंड करून उभी असते आणि मॉडेलकडं पाठ. संध्याकाळच्या उजेडात काचेवर आभाळ आणि सेल्फी काढणाऱ्यांचे चेहरेच दिसतात, आतली बोट दिसतच नाही. काकांनी दोन्ही तळहात डोळ्यांच्या बाजूला धरून, नाक काचेला टेकवून आत बघितलं आणि मुलाला म्हणाले, इकडं ये, हे पुढं-मागं दिसतायत ना त्या बोफोर्स तोफा, 40 मिलीमीटरच्या, आणि इथनं पाणबुडीवर बॉम्ब टाकायचे ते मॉर्टर, लिंबो म्हणायचे त्याला. एवढ्यात आमचा लोकल गाईड आला. हा पॅकेजमध्ये इन्क्लुडेड होता, वय पंचविशीच्या आत, हिंदीत बोलणारा, सकाळपासून किल्ल्यावर बरा बोलला होता.

त्यानं खुकरीची जी स्टोरी सांगितली ती साधारण अशी: पाकिस्ताननं बॉम्ब टाकला, जहाज इथंच, त्या समोरच्या पाण्याखाली बुडालं, आणि कॅप्टननं स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं कारण नेव्हीचा नियमच आहे की जहाज बुडालं तर कॅप्टननं पण बुडायचं. मग सॅल्यूट मारत ते पाण्याखाली गेले. भारतमाता की जय. टाळ्या. पुढं, सनसेट त्या बाजूनं चांगला येतो.

काका आवाज न चढवता म्हणाले, "बेटा, नियम-बियम कुछ नहीं होता." गाईड म्हणाला, "अंकल, सब यही बताते हैं." आणि तेही खरंच असणार, सगळे हेच सांगत असतील, त्या पोराला तरी कुणी नीट सांगितलंय का. माझा राग त्याच्यावर नाहीच. माझा राग त्या पंधरा मिनिटांवर आहे, आणि एवढे पैसे घेऊन गाईडच्या हातात दोन पानांचा कागदही न देणाऱ्या कंपनीवर.

तर जे त्या माईकवर सांगायला हवं होतं ते मी इथं सांगतो, काकांकडून ऐकलेलं आणि जे छापून आलेलं आहे ते मिळून. लांब आहे, पण तुम्ही जाणार असाल तर हेच वाचून जा, सनसेट तर काय जुहूलाही दिसतो.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. जन्म 15 मे 1926, गोरखपूरचे. 1946 मध्ये, म्हणजे अजून इंग्रजांचं रॉयल इंडियन नेव्ही होतं तेव्हा, कॅडेट म्हणून भरती झाले आणि 1948 मध्ये ऑफिसर. मधे लंडनला आपल्या हायकमिशनमध्ये उप-नौदल सल्लागार म्हणून होते. उर्दू शायरीचं वेड. कायद्याचीही जाण चांगली होती, कोर्ट मार्शलला उभ्या राहिलेल्या खलाशांची बाजू मांडायचे असं सांगतात. 71 ला वय 45, घरी बायको आणि दोन मुली.

त्यांच्याकडं होतं 14 वं फ्रिगेट स्क्वाड्रन, म्हणजे मध्यम आकाराच्या लढाऊ बोटींची तुकडी, त्यात तीन बोटी, खुकरी, कृपाण आणि कुठार. तिन्ही इंग्लंडमध्ये बांधलेल्या, ब्लॅकवुड क्लासच्या. खुकरी आइल ऑफ वाइटवरच्या काउज गावात बांधली गेली आणि 1958 मध्ये आपल्याकडं आली. ह्या क्लासबद्दल काकांचं मत फार चांगलं नाही. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुड्या शोधायला झटपट आणि स्वस्तात बांधलेल्या ह्या बोटी, बोट ढकलायला पाण्याखाली एकच पंखा, हलकं बांधकाम. काकांच्या भाषेत, "पातळ पत्र्याची बोट रे, काम करताना हातोडा जपून मारायला लागायचा." आता हे फिटरचं बोलणं आहे, थोडी अतिशयोक्ती धरा. पण 71 पर्यंत ह्या बोटी जुन्या झाल्या होत्या हे खरंच.

समोर कोण होतं? पाकिस्तानची पीएनएस हँगोर. फ्रान्सकडनं घेतलेली डाफ्ने क्लासची पाणबुडी, त्या काळात एकदम आधुनिक, कमांडर अहमद तस्नीम तिच्यावर. ही पाणबुडी लढाई सुरू व्हायच्या आधीच कराचीहून निघून आपल्या किनाऱ्याजवळ येऊन बसली होती. मुंबईतून आपला ताफा बाहेर पडला तेव्हा तिला तो ऐकू आला होता, पण अजून युद्ध जाहीर झालेलं नव्हतं आणि गोळी चालवायची परवानगी नव्हती. नंतर ती उत्तरेला दीवच्या बाजूला सरकली, तिचे वायरलेस संदेश आपल्या लोकांनी पकडले आणि ह्या भागात पाणबुडी आहे एवढं कळलं. तिला शोधून मारायचं काम 14 व्या स्क्वाड्रनला मिळालं. कुठारच्या बॉयलर रूममध्ये बिघाड झाल्यानं ती आधीच बाद, म्हणून दोनच बोटी मुंबईहून निघाल्या, खुकरी आणि कृपाण.

आता इथं जरा थांबा, कारण गाईडच्या स्टोरीत हा भाग येतच नाही आणि सगळी मेख इथंच आहे. पाणबुडी आणि फ्रिगेट ह्यांच्यात कोण कुणाला आधी ऐकतो ह्यावर खेळ ठरतो. पाण्याखाली आवाज सोडून परत येणारा आवाज ऐकायचा ते सोनार, आणि आपल्या बोटींवरचं सोनार जवळचंच पकडायचं, तर डाफ्नेला कितीतरी लांबनं जहाज ऐकू यायचं. म्हणजे शिकारी म्हणून पाठवलेल्या बोटीला सावज दिसायच्या आधी सावजालाच शिकारी दिसणार. हे मुल्लांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. ह्याच्यावर तोड काढायला एक तरुण ऑफिसर, लेफ्टनंट व्ही. के. जैन, सोनारची ताकद वाढवायचं एक उपकरण बनवून खुकरीवर त्याची चाचणी घेत होता. तो ट्रॉम्बेच्या बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, ह्याच कामावर होता, म्हणजे अगदी आपल्या चेंबूरच्या पलीकडं. पण त्या चाचणीसाठी बोट हळू चालवायला लागायची. आणि पाणबुडीच्या भागात हळू, सरळ जाणारी बोट म्हणजे काय ते सांगायला नको. खुकरी त्या रात्री कमी वेगात होती. जैनही त्या रात्री बोटीबरोबर गेला.

9 डिसेंबर 1971, रात्री पावणेनऊच्या सुमारास. हँगोरनं पहिला टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालनं जाणारा बॉम्ब, कृपाणवर सोडला, तो फुटलाच नाही, खालनं निघून गेला. दुसरा खुकरीवर. तो थेट दारूगोळ्याच्या कोठाराखाली फुटला. काही मिनिटांत जहाज गेलं, दोन मिनिटं म्हणतात. बहुतेक लोक डेकच्या खाली, दिवे गेलेले, जहाज कललेलं. तिसरा टॉर्पेडो कृपाणच्या मागं, ती त्यातनं निसटली आणि लांब गेली. दुसऱ्या दिवशी आयएनएस कचालनं पाण्यातली माणसं उचलली. 6 ऑफिसर आणि 61 खलाशी वाचले. 18 ऑफिसर आणि 176 खलाशी गेले. एकूण 194. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं लढाऊ जहाज बुडवल्याची जगातली ही पहिली घटना. आणि हे सगळं झालं दीवपासून साधारण 40 नॉटिकल मैल बाहेर, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. त्या टेकाडावरनं बोट दाखवून "इथंच" म्हणण्यासारखं काही नाही.

आता कॅप्टनबद्दल. महावीर चक्र देताना सरकारनं जे लिहिलं ते फार कोरड्या सरकारी भाषेत आहे, आणि मला तेच गाईडच्या गोष्टीपेक्षा भारी वाटतं. त्यात म्हटलंय की जहाज सोडायचा हुकूम त्यांनी स्वतः दिला, माणसं बाहेर काढायचं काम शांत डोक्यानं, पद्धतशीर केलं, स्वतःचं लाईफ जॅकेट एका खलाशाला देऊन टाकलं, आणि जेवढी माणसं बाहेर पाठवता येतील तेवढी पाठवून झाल्यावर, अजून काही करता येतं का हे बघायला परत ब्रिजवर, म्हणजे जिथनं जहाज चालवतात तिथं, गेले. तिथंच ते शेवटचे दिसले. वाचलेल्यांपैकी काहींनी नंतर सांगितलंय की कॅप्टन ब्रिजवर आपल्या खुर्चीत होते, हातात सिगारेट.

फरक कळतोय का? खुर्चीला बांधून घेतलं, नियम होता म्हणून मेले, असं सांगितलं की तो माणूस परंपरेपायी जीव देणारा एक पुतळा होतो. आणि कागदावर जे आहे त्यात तो माणूस शेवटपर्यंत ड्युटीवर आहे. परत गेला तो अजून कुणाला काढता येतंय का हे बघायला गेला. माझ्या मुलानं बसमध्ये विचारलं पण, की मग ते उडी मारून वाचले असते तर चाललं नसतं का, नेव्हीला तर अनुभवी कॅप्टन लागतोच ना? प्रश्न बरोबर आहे आणि मोठ्या मोठ्या लोकांनीही विचारलेला आहे. काका म्हणाले, "चाललं असतं की. कुणी काही बोललं नसतं. वरनं तेव्हा खाली किती पोरं अडकली होती ते त्यांना माहीत होतं, एवढंच." मग थोड्या वेळानं, "ज्याला वाटतं तो नियम होता, त्यानं एकदा अंधारात बोटीच्या खालच्या डेकवरनं शिडी चढून बघावी." फिटरचं बोलणं आहे, पण ह्यात अतिशयोक्ती नसावी.

स्वातंत्र्यानंतर आपल्या जहाजाबरोबर गेलेले आपल्या नौदलाचे ते एकमेव कॅप्टन. पोस्टानं 2000 साली त्यांचं तिकीटही काढलंय. आणि एवढ्या माणसासाठी पंधरा मिनिटं, त्यातली पाच बसमधनं उतरण्यात.

काकांना त्या दिवशी नीट बघता आलंच नाही, गाईड पाठीमागून चलो चलो करत होता. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, नाश्त्याच्या आधी, मी हॉटेलसमोरची रिक्षा पकडून त्यांना परत घेऊन गेलो. आणि ही माझी तुम्हाला पहिली टीप, खुकरीला सकाळी जा. उजेड मागनं येतो, काचेवर आभाळाचं प्रतिबिंब कमी पडतं आणि मॉडेल अगदी रेलिंगपर्यंत दिसतं. माणूस नाही काणूस नाही. रिक्षावाले दादा मूळ दीवचेच, त्यांना त्या दोन मिनिटांच्या भानगडी माहीत नव्हत्या, पण थांबायचं किती असं विचारलं तेव्हा म्हणाले, तुम्ही बसा, मी चहा पिऊन येतो. पूर्ण पॅकेजमध्ये मिळालेली सगळ्यात चांगली सर्व्हिस हीच आणि ती पॅकेजमध्ये नव्हतीच.

तिथं बसल्या बसल्या काकांनी 71 ची मुंबई सांगितली, ब्लॅकआऊट, खिडक्यांना काळा कागद, गाड्यांच्या हेडलाईटवर अर्धा काळा रंग. 4 डिसेंबरच्या रात्री मिसाईल बोटींनी कराचीवर हल्ला केला ते कळल्यावर डॉकयार्डात कसला जल्लोष होता, आणि पाच-सहा दिवसांत खुकरीची बातमी. "सगळे कराची कराची करतात," म्हणाले, "ते बरोबरच आहे, जिंकलो ना. पण ज्या बोटीवर आपण काम केलं ती गेली हे मला कराचीपेक्षा जास्त लक्षात आहे." खुकरीवरचे दोन-चार जण त्यांच्या तोंडओळखीचे होते, कामाच्या कागदावर सही घ्यायला यायचे. त्यातलं कोण आलं, कोण नाही, हे कळायलाच किती दिवस गेले म्हणाले.

परत येताना रिक्षावाल्या दादांनी दुसरी खुकरी दाखवली. हो, दीवला दोन खुकरी आहेत आणि पत्रकात दुसरीचं नावसुद्धा नाही. बुडालेल्या जहाजाचं नाव नौदलानं पुढं नव्या बोटीला दिलं, ती मिसाईल कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटपेक्षा लहान लढाऊ बोट, आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 23 ऑगस्ट 1989 ला मुंबईत नौदलात दाखल झाली. तेव्हा संरक्षणमंत्री होते के. सी. पंत, आणि त्यांच्याबरोबर त्या बोटीचं कमिशनिंग केलं ते सुधा मुल्ला ह्यांनी, कॅप्टन मुल्लांच्या पत्नीनं. नवरा ज्या नावाच्या बोटीबरोबर गेला त्याच नावाची बोट अठरा वर्षांनी स्वतःच्या हातानं समुद्रात पाठवायची, कसं केलं असेल त्या बाईंनी. आणि गंमत बघा, खुकरीसारख्या त्या वेळच्या बोटींकडं जे नव्हतं ते हिच्याकडं होतं, 71 ला कराचीवर टाकली त्याच घराण्यातली रशियन मिसाईलं.

ही दुसरी खुकरी बत्तीस वर्षं चालली, 28 कॅप्टन झाले तिला, 6,44,897 नॉटिकल मैल फिरली म्हणे, पृथ्वीला तीस फेऱ्या होतील इतकं. 23 डिसेंबर 2021 ला विशाखापट्टणमला तिला निवृत्त केलं आणि 2022 च्या 26 जानेवारीला दीव प्रशासनाच्या ताब्यात दिली, म्युझियमसाठी. आम्ही सकाळी फार लवकर गेल्यामुळे बाहेरूनच बघितली, पण करड्या रंगाचं एक्याण्णव मीटर लांबीचं धूड इतक्या जवळून बघायला मिळणं हेच काय कमी आहे. काका तिच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत चालत गेले आणि मग परत आले, मधे एका ठिकाणी वेल्डिंगकडं बघत उभे होते. माझगाव डॉकवाल्यांचं काम बघत होते बहुतेक, डॉकयार्डवाले आणि माझगाववाले ह्यांचं आपसात जरा असतं.

इथं मुंबईकर म्हणून मला थोडी लाज वाटली हे लिहायलाच पाहिजे. विक्रांत ही विमानवाहू बोट, जिनं 71 मध्ये पूर्वेकडं बंगालच्या उपसागरात कामगिरी केली, ती आपल्याकडं 2001 पासून म्युझियम म्हणून उभी होती. शाळेच्या सहली जायच्या. 2012 मध्ये धोकादायक म्हणून बंद केली, आणि 2014 मध्ये साठ कोटींना भंगारात, दारुखाना म्हणून मुंबईत जहाजं तोडायची जागा आहे तिथं कापली. एवढ्या मोठ्या शहराला, एवढ्या श्रीमंत राज्याला एक बोट सांभाळता आली नाही आणि नकाशावर शोधावं लागतं त्या दीवनं मिळालेली बोट ठेवली. खर्च किती, गंज किती, हे मला कळतं, काकांनी तर गंजावर लेक्चर दिलं, पण तरी. आता सिंधुदुर्गात निवतीजवळ गुलदार ही जुनी नौदलाची बोट समुद्रात उतरवून पाण्याखालचं म्युझियम करायचं चाललंय, बघू ते कसं होतंय.

आणखी एक, हे कुठल्याच गाईडला माहीत नसतं. खुकरीला बुडवणारी ती हँगोर पाणबुडी 2006 मध्ये निवृत्त झाली आणि आज कराचीच्या मेरीटाईम म्युझियममध्ये ठेवलेली आहे, तिकडं 9 डिसेंबरला हँगोर डे करतात. म्हणजे तिकडंही एखादा काका आपल्या पुतण्याला घेऊन तिच्यापुढं उभा राहत असणार आणि तिकडचा गाईडही काहीतरी मीठमसाला लावत असणार. आणि दुसरी कृपाण? म्हणजे जी बोट त्या रात्री वाचली तिच्या नावाची नवी कॉर्व्हेट, ती 2023 मध्ये आपण व्हिएतनामला भेट दिली. हे सगळं सांगायला फार तर दहा मिनिटं लागतात आणि बसमध्ये त्या वेळात आम्ही अंताक्षरी खेळत होतो, त्यातही मॅनेजर एका टीमला चीटिंग करून मार्क देत होता.

कंपन्यांना माझं म्हणणं फार मोठं नाहीये. एक, खुकरीला तासभर ठेवा आणि सनसेटपासून वेगळं करा, सनसेट नागवाला करा, तिथं तसंही सगळे असतातच. दोन, मेमोरियल आणि बोट एकाच सकाळी घ्या, लांब नाहीत. तीन, गाईडला सांगायला कुणीतरी जाणकार बघा. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडीचं म्युझियम आहे ना, तिथं निवृत्त नौसैनिक माणसंच आत फिरवतात, आमचे शेजारी जाऊन आले, ते आजही त्या गाईडबद्दल बोलतात, बीचबद्दल नाही. अशी माणसं किनाऱ्याच्या प्रत्येक गावात सापडतील. आणि ते जमत नसेल तर निदान गाईडच्या हातात महावीर चक्राच्या त्या मजकुराचं एक पान द्या, हिंदीत, मराठीत, गुजरातीत, आणि सांगा हेच वाचून दाखव, स्वतःचं काही घालू नकोस.

परत आल्यावर कंपनीच्या फीडबॅक फॉर्ममध्ये मी हे सगळं थोडक्यात लिहिलं. उत्तर आलं, "आपल्या मौल्यवान सूचनांबद्दल आभारी आहोत, पुढील टूरवर 5 टक्के सवलत." बघा, म्हटलं होतं ना.

तर स्टार. बस आणि ड्रायव्हर पाच. हॉटेल चार. जेवण तीन, चटणी स्वतःची न्या. गीर तीन, पण त्यात सिंहिणीची काय चूक. टूर मॅनेजर साडेतीन, माणूस प्रेमळ आहे, वेळेचं गणित कच्चं. दीवचा दिवस दोन, त्यातला एक किल्ल्याचा. हे पॅकेज घेऊ नका असं मी म्हणत नाही, ज्येष्ठांना बरोबर घेऊन जायला सोयीचं आहे, पण दीवला पोचल्यावर एक सकाळ ग्रुपपासून सुटा आणि स्वतःची रिक्षा करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, वारा असतो पण ऊन सोसतं. ज्येष्ठ असतील तर टेकाडावर चढताना हात धरा. आणि मुलं असतील तर जायच्या आधीच सोनार म्हणजे काय ते सांगून ठेवा, नाहीतर तिथं गेल्यावर ती सूर्याकडंच बघत बसतात. आमच्या काकांनी पुढच्या वेळेला 9 डिसेंबरला जायचं ठरवलंय, बुकिंग मला करायचंय, कंपनीकडून नाही.